होकुसाईची ती लाट त्सुनामीची नाही

निळीशार लाट, फेसाचे पंजे, मागे चिमुकला फुजी पर्वत. जपानी चित्रकार होकुसाईचं हे चित्र दिसलं की खाली ओळ ठरलेली: ‘त्सुनामीचं जगप्रसिद्ध चित्र’. २००४ साली हा शब्द आपल्या तोंडी बसला, तेव्हापासून तर कुणाला शंकाही येत नाही. पण हे चूक आहे.

चित्राचं नावच बघा ना! ‘कानागावा-ओकी नामी-उरा’, म्हणजे कानागावाजवळच्या समुद्रातल्या लाटेखाली. ‘ओकी’ म्हणजे किनाऱ्यापासून दूरचा समुद्र. उलट ‘त्सुनामी’तला ‘त्सु’ म्हणजे बंदर. कारण खोल समुद्रात त्सुनामी बहुधा मीटरभरही उंच नसते, होडीतल्या माणसाला ती जाणवतही नाही. उथळ पाण्यात शिरली की मग ती उठते. इथे मात्र लाट समुद्रातच उभी राहून माथ्यावर फुटते आहे. ही वाऱ्याने खवळलेल्या दर्याची लाट.

आणि खरं सांगायचं तर लाटेच्या नादात होड्या राहूनच जातात. तीन आहेत, लांबट, निमुळत्या. ताजी मासळी झटपट एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, पोचवणाऱ्या. वल्हेकरी अंग चोरून, माना खाली घालून होडीला बिलगलेत. ही त्यांची नेहमीची वाट, रोजची मजुरी. प्रलय म्हटलं की ही माणसंच पुसली जातात, याचं वाईट वाटतं.

होकुसाईने १८३१च्या सुमारास केलेल्या ‘फुजीची ३६ दृश्ये’ या ठसेचित्रमालेतलं हे चित्र. म्हणजे विषय फुजीचा, आणि तो डोंगर दोन लाटांमधल्या खळग्यात शांत बसलाय.