खुर्ची डुगडुगते? खिळा ठोकू नका

"ठोक एक खिळा, वरून फेव्हिकॉल ओत." आमच्या सदाशिव पेठेतल्या घरात हा सल्ला पिढीजात. साफ चूक. बसता-उठता खिळा आपलंच भोक रुंदावतो, लाकूड चिरतं. फेव्हिकॉल लाकडाच्या रंध्रांत मुरला तरच धरतो. वाळलेल्या थरावर नवा नुसता बसून राहतो.

सांधा सुटा करा. जुना पिवळट थर पात्याने खरवडा, पण लाकूड सोलू नका, नाहीतर दांडीचं टोक तिच्या भोकात ढिलं पडेल. चिकटवून पायांभोवती सुतळी गुंडाळा, तिच्यात लाटणं अडकवून पीळ द्या. 24 तास बसायचं नाही, पाहुणे आले तरी.

आणि गणपतीत खुर्ची आपोआप "बरी" झाली, तर ते पावसाळी दमटपणाने फुगलेलं लाकूड. एप्रिलात पुन्हा डुगडुग.