बूस्टचा काटा आणि कोलोरॅडोचा चढ

माझा भाचा डेन्व्हरला असतो. त्याने ५.९ लिटर कमिन्स इंजिनाचा जुना डिझेल पिकअप घेतला, मागे ओढायला मोठा कॅम्पर ट्रेलर घेतला आणि मला फोन केला, "मामा, सगळे म्हणतायत मोठा टर्बो टाक. टाकू का?" मी नको म्हणालो. पण कारण फोनवर नीट सांगता आलं नाही.

टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या, म्हणजे जळून बाहेर पडणाऱ्या वायूच्या, जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. डिझेल इंजिनात किती डिझेल जाळता येईल हे हवेवर ठरतं. हवा कमी पडली की उरलेल्या डिझेलचा काळा धूर होतो आणि एक्झॉस्ट तापत जातो. रिकामी गाडी पळवताना हे दहा सेकंद चालतं, निभावून जातं. चार टन ओढत चढ चढताना तेच दहा मिनिटं चालतं, आणि पिस्टनला ते सोसत नाही. म्हणून ओढायच्या गाडीला जास्तीत जास्त हॉर्सपॉवर किती मिळेल, हा प्रश्नच गैरलागू आहे. चढावर इंजिन १,६०० ते २,२०० आरपीएममध्ये (मिनिटाला इतक्या फेऱ्यांत) राबतं. तिथे हवा पुरते का, एवढंच पाहायचं.

मोठा टर्बो नेमका तिथेच मागे पडतो. टर्बोतल्या चाकाचा व्यास २० टक्के वाढवला आणि बाकी मापं त्याच प्रमाणात ठेवली, तर फिरण्याचं जडत्व १.२ च्या पाचव्या घाताने, म्हणजे जवळजवळ अडीचपट होतं. शिवाय टर्बाइनभोवतीचं, म्हणजे एक्झॉस्टने फिरणाऱ्या चाकाभोवतीचं, शंखाच्या आकाराचं घर रुंद असेल, तर एक्झॉस्ट त्यातून रेंगाळत जातो. बागेतल्या पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबला की पाण्याची धार लांब जाते, तसं अरुंद घर कमी आरपीएमलाही चाक जोरात फिरवतं. पण आरपीएम वाढला की तेच घर इंजिनाचा गळा आवळतं. २००७ साली आलेल्या ६.७ लिटर कमिन्समध्ये हा अंगठा हलता केला: पात्यांची कडी सरकते आणि वाट अरुंद किंवा रुंद होते. उतारावर ती जवळजवळ बंद केली की एक्झॉस्ट तुंबतो आणि इंजिनच ब्रेक लावतं. ट्रेलर मागून ढकलत असताना ही सोय फार मोलाची आहे.

आता माझ्या आवडीचा भाग. डॅशबोर्डवरचा बूस्टचा काटा बाहेरच्या हवेच्या वर किती दाब आहे, एवढंच सांगतो. टर्बोला मात्र गुणाकार करावा लागतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब १४.७ पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड). काटा ३० दाखवतो तेव्हा आतला दाब ४४.७, म्हणजे बाहेरच्या सुमारे ३ पट. डेन्व्हर १,६०० मीटरवर आहे. तिथे बाहेर १२.१ च असतो, म्हणून त्याच ३० साठी साडेतीन पट लागतात. आंतरराज्य महामार्ग ७० वरचा आयझेनहॉवर बोगदा सुमारे ३,४०० मीटरवर आहे. तिथे बाहेर ९.७, म्हणजे ४.१ पट! काटा जागचा हललेला नाही, पण टर्बोचा दांडा कितीतरी जास्त वेगाने फिरतोय.

त्यात दाबली की हवा तापते. २५ अंशांची हवा ३ पट दाबली की ती साधारण १७५ अंशांवर जाते आणि फुगते. दाब तिप्पट झाला तरी हवा जेमतेम दुप्पटच भरते. इंटरकूलरने, म्हणजे ही हवा थंड करणाऱ्या जाळीने, ती ६० अंशांवर आणली की २.७ पट भरते. याहून जास्त हवं असेल तर एकामागे एक दोन टर्बो लावतात. त्यांचे दाब बेरजेने वाढतात असं पुष्कळांना वाटतं, पण तिथे गुणाकार होतो: २ गुणिले २, चार. दोघांपैकी कोणालाच जीव तोडून फिरावं लागत नाही.

उंचीवरच्या विरळ हवेचं हे गणित कोलोरॅडोतच सिद्ध झालं. १९१८ साली जनरल इलेक्ट्रिकच्या स्टॅनफर्ड मॉस यांनी विमानाचं लिबर्टी इंजिन ट्रकवर घालून पाइक्स पीक या डोंगराच्या माथ्यावर, ४,३०० मीटरवर नेलं. खाली ३५० हॉर्सपॉवर देणारं इंजिन वर २३० वर आलं होतं. टर्बो जोडल्यावर ३५६ मिळाले.

ऑनलाइन मिळणारे बारा व्होल्टचे 'इलेक्ट्रिक टर्बो' पंखे मात्र घेऊ नका. भाच्याच्या पिकअपसारखं इंजिन २,००० आरपीएमवर असताना तिप्पट दाब टिकवायला ४० किलोवॅटच्या आसपास लागतात. बारा व्होल्टवर ते ३,३०० अँपियर होतात. हातभर वायरीतून ते येणार कुठून?

भाच्याला सांगितलं: टर्बो मूळच्याच मापाच्या जवळचा ठेव, आणि आधी एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा पायरोमीटर मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातून निघणारा एक्झॉस्ट गोळा करणाऱ्या नळीवर, बसव. तो काटा ७०० अंश सेल्सिअसकडे सरकू लागला की एक गिअर खाली टाक आणि पाय थोडा सैल कर. तीच ताकद जास्त फेऱ्यांत वाटली जाते, दर फेरीला डिझेल कमी लागतं आणि हवा पुरते.