प्वनकिट : जबाबदारीचा वाद

प्वनकिट म्हणजे लिनक्समधल्या पोलकिट या, कोणाला कशाची परवानगी आहे ते ठरवणाऱ्या सिस्टिम सॉफ्टवेअरच्या पीकेएक्झेक (दुसऱ्या युजरच्या हक्काने प्रोग्रॅम चालवणाऱ्या) कमांडमधला सुरक्षा-दोष, क्रमांक सीव्हीई-२०२१-४०३४. साध्या युजरला थेट रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजर, करून टाकणारा. क्वालिस कंपनीने तो २५ जानेवारी २०२२ ला जाहीर केला, पण कोडमध्ये तो मे २००९ पासून, म्हणजे पीकेएक्झेक जन्माला आल्यापासूनच होता.

प्रोग्रॅमला सुरू होताना आर्ग्युमेंटची (त्याला दिलेल्या शब्दांची) यादी मिळते, आणि तिच्यात पहिलं, म्हणजे ० क्रमांकाचं, आर्ग्युमेंट म्हणून स्वतःचं नाव मिळणारच, असं बहुतेक जण धरून चालतात. आर्ग्युमेंटची यादी रिकामी ठेवून पीकेएक्झेक चालवला तरी त्याची मोजणी १ पासूनच सुरू व्हायची, आणि मेमरीत या यादीला लागूनच एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला मिळणारी 'नाव=किंमत' अशी सेटिंग) असतात, त्यामुळे पहिलं व्हेरिएबलच कमांडचं नाव समजून तो त्याचा पूर्ण पाथ शोधायचा आणि तिथेच परत लिहायचा. हल्लेखोर 'जीकॉन्व्ह_पाथ=.' अशा नावाचं, बरोबरच्या चिन्हासकट, फोल्डरच बनवून ठेवतो, मग लोडर (प्रोग्रॅम मेमरीत आणणारा भाग) सेटयूआयडी, म्हणजे कोणीही चालवला तरी मालकाच्या, इथे रूटच्या, हक्काने चालणाऱ्या प्रोग्रॅमसाठी एरवी गाळून टाकतो ते घातक व्हेरिएबल या वाटेने आत येतं. आता फक्त एक एरर मेसेज छापायला लावायचा, की कॅरेक्टर सेट बदलण्यासाठी जीलिबसी (लिनक्सची मूलभूत सी लायब्ररी) त्या व्हेरिएबलने दाखवलेली हल्लेखोराचीच लायब्ररी रूट म्हणून लोड करते.

चूक कोणाची यावर मतभेद आहेत. कर्नलकडे (सिस्टिमच्या गाभ्याकडे, जो प्रोग्रॅम सुरू करतो) बोट दाखवणाऱ्यांचा मुद्दा वजनदार आहे: ओपनबीएसडी ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम रिकामी यादी नाकारते, लिनक्स चालवून घ्यायचं, आणि लिनक्सची मॅन्युअल पानं तेव्हा सांभाळणारे मायकेल केरिस्क यांनी २००८ मध्येच हे मांडूनही एकमत झालं नाही. युनिक्ससारख्या सिस्टिमसाठीच्या पॉझिक्स मानकात प्रोग्रॅमचं नाव द्यावं एवढीच शिफारस आहे, सक्ती नाही. तरी मुख्य जबाबदारी पोलकिटचीच मानणं जास्त सयुक्तिक, कारण रूट हक्काने चालणाऱ्या प्रोग्रॅमने बोलावणाऱ्यावर विश्वास ठेवायचाच नसतो, शिवाय २०१३ मध्ये एका डेव्हलपरने पीकेएक्झेकमधली नेमकी हीच जागा दाखवलीही होती, रूटपर्यंतचा रस्ता तेवढा त्याला सापडला नव्हता.

दुरुस्ती दोन्हीकडे झाली. पोलकिटमध्ये यादी रिकामी असेल तर बाहेर पडायची तपासणी आली (पॅच मिळेपर्यंतचा तात्पुरता उपाय म्हणजे सेटयूआयडी बिट काढून टाकणं). कर्नलसाठी आधी डेव्हलपर आरिआडने कॉनिल यांनी रिकाम्या यादीचे असे कॉल नाकारणारा पॅच दिला, पण जुने प्रोग्रॅम मोडायची भीती होती, म्हणून कर्नलच्या ५.१८ आवृत्तीपासून रिकाम्या यादीत कर्नलच एक रिकामी स्ट्रिंग घालतो.

सेटयूआयडी पद्धतच मोडीत काढा म्हणणारेही आहेत. सिस्टिमडी (लिनक्समधल्या सेवा सुरू करून सांभाळणारं सॉफ्टवेअर) याच्या २५६ आवृत्तीमधलं रन०, म्हणजे सेटयूआयडीशिवाय रूट हक्काने कमांड चालवणारं साधन, त्याच विचाराचं, परवानगी मात्र तेही पोलकिटलाच विचारतं.