डोकं न दुखणारे दिवस

जर्मनीत हॅम्बुर्गच्या संशोधकांनी अर्धशिशीच्या एका रुग्णाचा मेंदू सलग ३० दिवस, अगदी रोज, एमआरआय यंत्रात तपासला. नाकात अमोनियाची झुळूक सोडायची आणि त्या झोंबण्याला मेंदूचे कोणते भाग कसा प्रतिसाद देतात ते टिपायचं, असा रोजचा क्रम होता. त्या महिन्यात रुग्णाला अर्धशिशीचे तीन झटके आले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असं दिसलं, की डोकं दुखायला लागण्याआधीच्या २४ तासांतच हायपोथॅलॅमस या भागाचं वागणं बदललेलं होतं. भूक, तहान, झोप आणि संप्रेरकं यांचा कारभार मेंदूच्या तळाशी असलेल्या या छोट्याशा भागाकडे असतो. अभ्यास एकाच माणसावरचा होता, त्यामुळे त्यावर फार मोठा डोलारा उभारू नये. पण रुग्ण पिढ्यान् पिढ्या जे सांगत आले आहेत, त्याला तो नेमका जुळतो.

आदल्या दिवशी विनाकारण जांभया येतात. मान आखडते. गोड खावंसं वाटतं, लघवीला सारखं जावं लागतं, बारीकसारीक गोष्टींवरून चिडचिड होते. ज्या घरात अर्धशिशीचा रुग्ण आहे, तिथे हे सगळ्यांना पाठ असतं. 'आज हिचं काही खरं नाही, उद्या डोकं धरणार,' असं सासूबाईसुद्धा ओळखतात. म्हणजे दुखणं हा आजाराचा मधला टप्पा आहे. झटका त्याच्या आधीच सुरू झालेला असतो, आणि दुखणं थांबल्यावरही एखादा दिवस गळून गेल्यासारखं होतं, डोकं जड राहतं.

हे समजून घेणं मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण अर्धशिशीच्या रुग्णाला दुखण्याइतकाच दोषही सोसावा लागतो. 'काल चॉकलेट खाल्लंस ना, मग दुखणारच.' पण गोड खाण्याची ती ओढ हाच झटक्याचा पहिला टप्पा असू शकतो. चॉकलेटमुळे झटका आला, की झटका सुरू झाला होता म्हणून चॉकलेट खावंसं वाटलं? पुष्कळदा दुसरी शक्यता खरी असू शकते. उजेडाचंही तसंच. मेंदू आधीच हळवा झालेला असतो, म्हणून नेहमीची ट्यूबलाइट त्या दिवशी टोचते, आणि नंतर दोष ट्यूबलाइटवर जातो.

याचा अर्थ निमित्तं खोटी असतात असा नाही. पाळीच्या तोंडावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक एकदम उतरतं, त्या दोन-तीन दिवसांत झटके येतात हे पक्कं ठाऊक आहे. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांमध्ये अर्धशिशी सुमारे तिप्पट आढळते, त्यात या चढउतारांचा मोठा वाटा आहे. झोपमोड, कडक ऊन, चुकलेलं जेवण हीही खरी निमित्तं. संकष्टीचा उपास घ्या. सकाळी चहा, दुपारी थोडी साबुदाण्याची खिचडी, आणि मग चंद्रोदयाची वाट पाहत रात्रीचे साडेनऊ-दहा. ज्यांना अर्धशिशी आहे, त्यांच्यापैकी अनेकींची ती रात्र नैवेद्य दाखवून झाल्यावर अंधाऱ्या खोलीत जाते. एक निमित्त तर खास आपल्याकडचं म्हणून नोंदलं गेलं आहे. मुंबईतले डोकेदुखीचे तज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ साली ९४ भारतीय रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. डोक्यावरून अंघोळ केली की त्यांना झटका येत असे. 'केस धुतले की डोकं दुखतं' ही तक्रार कितीतरी घरांत हसण्यावारी नेली जाते. ती आता वैद्यकीय नियतकालिकात आहे.

दुखतं कसं, ते थोडक्यात. मेंदूच्या पेशींना स्वतःला वेदना कळत नाही. वेदना कळते ती मेंदूभोवतीच्या आवरणांना आणि तिथल्या रक्तवाहिन्यांना. त्यांच्यापर्यंत ट्रायजेमिनल नावाच्या मज्जातंतूचे धागे पोहोचलेले असतात. मेंदूच्या खालच्या भागात याच तंतूचे आणि मानेच्या वरच्या भागातून येणाऱ्या तंतूंचे संदेश एकत्र येतात, म्हणून अर्धशिशीत मानही धरते आणि 'स्पाँडिलायटिस असेल' असं निदान घरच्या घरी होतं. डोळ्यांतून पाणी येतं, नाक चोंदतं, म्हणून 'सायनस'. उलटी होते आणि त्यानंतर बरं वाटतं, म्हणून 'पित्त'. या तिन्ही नावांखाली वर्षानुवर्षं उपचार घेतलेले रुग्ण आपल्या आसपास आहेत.

काहींना दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या नागमोडी रेषा दिसतात, वीस मिनिटं ते तासभर. कार्ल लॅशली या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९४१ साली स्वतःच्या डोळ्यांपुढे सरकणाऱ्या या रेषांची चित्रं काढली. त्यावरून मेंदूच्या दृष्टीशी संबंधित भागात काहीतरी मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर वेगाने सरकत असावं, असा त्यांनी हिशेब केला. तीनच वर्षांनी ब्राझीलच्या अरिस्टिडीस लेआव यांना सशाच्या मेंदूत अगदी तशीच संथ विद्युत लाट सापडली. एकाने कागदावर मोजलेली गोष्ट दुसऱ्याला प्रत्यक्ष मेंदूत भेटावी, हा योग मला आजही थक्क करतो.

ट्रायजेमिनलच्या टोकांतून सीजीआरपी नावाचा एक छोटा प्रथिनासारखा रेणू सुटतो. १९९० साली पीटर गोड्सबी आणि लार्स एडविन्सन यांनी झटका चालू असताना रुग्णांच्या मानेतल्या शिरेचं रक्त तपासलं, तेव्हा त्यात तो वाढलेला आढळला. पुढे डेन्मार्कमध्ये जेस ओलेसन यांच्या गटाने अर्धशिशीच्या रुग्णांना सीजीआरपी शिरेतून दिलं, आणि अनेकांना अर्धशिशीसारखंच दुखू लागलं. मग त्याला अडवणारी औषधं शोधायची दिशा ठरली. या प्रकारचं पहिलं प्रतिबंधक इंजेक्शन, एरेनुमॅब, अमेरिकेत २०१८ साली मान्य झालं. गोड्सबी, एडविन्सन, ओलेसन आणि मायकेल मॉस्कोविट्झ यांना २०२१ चा 'ब्रेन प्राइझ' हा पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी.

आता ज्यांच्यासाठी हे मुख्यतः लिहितो आहे, त्यांच्याकडे वळतो. महिन्यातून एकदा-दोनदा डोकं दुखणारे नव्हेत, ज्यांचं जवळजवळ रोज दुखतं ते.

महिन्यात १५ किंवा जास्त दिवस डोकेदुखी, त्यातले निदान ८ दिवस अर्धशिशीच्या लक्षणांचे, आणि हे तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ, अशी जुनाट अर्धशिशीची व्याख्या आहे. यातली गोम अशी, की रुग्ण हे आकडे कमी सांगतात. 'किती वेळा दुखतं?' असं विचारलं की उत्तर येतं, 'चार-पाचदा.' हे उलट्या होऊन आडवं पडावं लागलेले दिवस. उरलेले दिवस, बारीक ठणकणारे, बाम लावून आणि ओढणी घट्ट बांधून स्वयंपाक, ऑफिस, मुलांचा अभ्यास सगळं उरकलेले, मोजणीतच येत नाहीत. म्हणून अनुभवी डॉक्टर प्रश्न फिरवून विचारतात: महिन्यात किती दिवस डोकं अजिबात दुखत नाही? त्यावर बराच वेळ उत्तर येत नाही. मग कुणी म्हणतं, 'आठ असतील.' आजाराचं खरं माप तिथे मिळतं.

अधूनमधून दुखणाऱ्यांपैकी दरवर्षी शंभरातले साधारण दोन-तीन जण या जुनाट अवस्थेत जातात. झटके वारंवार आले की वेदनेची यंत्रणा हळवी होत जाते. केस विंचरताना, चष्म्याची काडी टेकताना, उशीवर डोकं ठेवतानाही दुखतं, ते यामुळेच. आणि या उतरणीवर ढकलणाऱ्या गोष्टींत एक आपल्याच पर्समध्ये असते: वेदनाशामक गोळी. साधी पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि ट्रिप्टान व एर्गोटामाइन ही झटक्यावरची खास औषधं, अफूवर्गीय किंवा मिश्र गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की गोळ्यांमुळेच होणारी डोकेदुखी जडू शकते. आपल्याकडे एर्गोटामाइन, कॅफिन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी केमिस्टकडे सहज मागितली जाते. आठवड्याला तीन दिवस ती घेतली तर महिन्याचे बारा दिवस झाले, म्हणजे मर्यादा ओलांडलीच. यात रुग्णाचा लोभ नाही की व्यसन नाही. दुखतं म्हणून गोळी घेतली जाते, आणि त्या गोळीचा हिशेब ठेवायला तिला किंवा त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

हिशेब ठेवायला अॅप लागत नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयवर दुधाचा खाडा जिथे लिहितो, तिथेच दुखलं त्या दिवशी एक फुली आणि गोळी घेतली त्या दिवशी एक टिंब. तीन महिन्यांची ही पानं डॉक्टरांपुढे ठेवली तर महागड्या स्कॅनपेक्षा बहुतेकदा जास्त उपयोग होतो. गोळ्या थांबवल्यावर सुरुवातीला दुखणं वाढतं, साधारण चार ते दहा दिवस. औषधानुसार हा काळ बदलतो. हे आधी माहीत नसेल तर माणूस तिसऱ्या दिवशी हार मानतो. म्हणून हे डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि घरच्यांना सांगून करावं. शक्य तिथे त्याच सुमारास प्रतिबंधक औषधही सुरू करतात.

घरगुती उपायांबद्दल. सुंठेचा लेप, सूर्योदयापूर्वी जिलेबी आणि दूध, नाकात तुपाचे थेंब. ज्यांना यांनी बरं वाटतं त्यांना मी नावं ठेवणार नाही. एवढंच ध्यानात घ्यावं, की उपचार न केलेला झटका ४ ते ७२ तासांत आपोआप ओसरतो. शेवटी जो उपाय केला, त्याला श्रेय मिळतं. औषधांच्या चाचण्यांत काही लोकांना बिनऔषधाची गोळी देतात ती याचसाठी. त्यांच्यापैकीही बऱ्याच जणांना बरं वाटतं, आणि खऱ्या औषधाला त्याच्या पुढे जाऊन दाखवावं लागतं.

झटक्यावरची गोळी आणि प्रतिबंधाची गोळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झटक्यावरची गोळी सुरुवातीलाच घ्यायची. झटक्यात जठराचं काम मंदावतं, उशिरा घेतलेली गोळी पोटातच पडून राहते, म्हणून काहींना सोबत मळमळीवरचं औषध देतात. ट्रिप्टान रक्तवाहिन्या आकुंचित करतात, त्यामुळे हृदयविकार असलेल्यांना ते चालत नाहीत. प्रतिबंधाची गोळी मात्र दुखो वा न दुखो, रोज घ्यायची. प्रोप्रानोलॉल, अमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट, फ्लुनारिझिन ही जुनी, त्यामानाने स्वस्त औषधं. यातलं एकही मुळात अर्धशिशीसाठी बनवलेलं नव्हतं. प्रत्येकाचे दुष्परिणाम आहेत: कुणाने झोप येते, कुणाने वजन वाढतं, टोपिरामेटने शब्द पटकन आठवत नाहीत. गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रियांना सोडियम व्हॅल्प्रोएट शक्यतो देऊच नये, बाळाला व्यंग येण्याचा धोका असतो. टोपिरामेटबाबतही सावधगिरी हवी. आणि डोळ्यांपुढे त्या चमकत्या रेषा येत असतील, तर इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना ते आवर्जून सांगावं, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो. जुनाट अर्धशिशीसाठी बोटॉक्सही अमेरिकेत २०१० पासून मान्य आहे: कपाळ, कानशिलं, डोक्याची मागची बाजू, मान आणि खांद्यांवर मिळून ३१ ठिकाणी बारीक सुया, दर बारा आठवड्यांनी.

आयुष्यात कधी नव्हतं असं डोकं क्षणात फाटल्यासारखं दुखलं, ताप येऊन मान ताठ झाली, बोलणं अडखळलं, हातपाय लुळे पडले, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच डोकेदुखी सुरू झाली, तर यातलं काही करत न बसता थेट रुग्णालयात जावं.

आराम म्हणजे किती आराम, हेही आधी ठरवून घ्यायला हवं. औषधांच्या चाचण्यांत दुखण्याचे दिवस निम्म्यावर आले की औषध लागू पडलं असं मानतात, आणि जुनाट अर्धशिशीत त्याहून कमी घटही मोलाची समजतात. सोळाचे आठ झाले, तर महिन्याला आठ दिवस परत मिळाले. त्यासाठी योग्य मात्रेवर दोन-तीन महिने थांबावं लागतं. 'लागू पडलं नाही' म्हणून दहा दिवसांत सोडलेल्या औषधांची यादी घेऊन जेव्हा एखादी रुग्ण तिसऱ्या डॉक्टरकडे जाते, तेव्हा तिने विचारायचा पहिला प्रश्न हा, की यातलं कोणतं औषध मी पुरेशा मात्रेत, पुरेसे दिवस घेतलं होतं? उत्तर 'एकही नाही' असं आलं, तर महागड्या इंजेक्शनांच्या आधी तिच्यासमोर अजून तीन-चार वाटा खुल्या आहेत.