ट्रकचे इंजिन किती हवा खाते?

मालाने भरलेला जुना ट्रक कसारा घाट चढताना दुसऱ्या गियरवर येतो, मागे काळा धूर ओकू लागतो आणि ‘गाडी ओढत नाही’ असे म्हणत ड्रायव्हर इगतपुरीला पोहोचताच मिस्त्री गाठतो. मिस्त्रीचे पहिले लक्ष बहुधा डिझेल पंपाकडे जाते. वास्तविक काळा धूर म्हणजे न जळलेला कार्बन. म्हणजे डिझेल सिलिंडरात पुरेसे पोहोचले होते, ते जाळायला हवा अपुरी पडली. अशा वेळी पंपातून येणारे डिझेल वाढवून घेणे म्हणजे आधीच धुमसणाऱ्या चुलीत आणखी ओली लाकडे सारण्यासारखे आहे.

इंजिनाला हवा किती लागते याचा हिशेब सोपा आहे. सहा लिटर क्षमतेचे, टर्बो (हवा दाबून भरणारे यंत्र) नसलेले डिझेल इंजिन मिनिटाला २,४०० फेरे फिरत असेल, तर चार स्ट्रोकच्या रचनेमुळे दर दोन फेऱ्यांत एकदा, म्हणजे मिनिटाला १,२०० वेळा, ते आपली सहा लिटरची जागा भरू पाहते. हे झाले ७,२०० लिटर. पण फिल्टर, नळ्या आणि झडपा यांतून वाट काढताना हवेचा दाब घटत असल्याने प्रत्यक्षात साधारण ८५ टक्केच जागा भरते, असे धरले तर मिनिटाला सुमारे सव्वासात किलो हवा आत जाते. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साडेचौदा किलो हवा लागते. परंतु सिलिंडरात डिझेलचे थेंब आणि हवा यांना एकमेकांत मिसळायला क्षणभरही धड मिळत नसल्यामुळे धूर टाळायचा असेल तर अठरा ते वीस किलो हवा हाताशी असावी लागते. म्हणजे हे इंजिन मिनिटाला जेमतेम ३८० ग्रॅम डिझेल स्वच्छ जाळू शकेल आणि त्यातून सुमारे १३५ अश्वशक्ती मिळेल. टर्बो नसलेल्या जुन्या ट्रकांची ताकद याच आकड्याच्या आसपास का घुटमळत असे, याचे उत्तर या गणितात आहे. त्यात इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच असल्याने तिथली हवा मुळातच पाच-सहा टक्के विरळ असते आणि वैशाखातला उन्हाळा त्यात आणखी तितकीच घट करतो.

इथे पेट्रोल आणि डिझेल यांतला एक फरक नीट लक्षात घ्यायला हवा, कारण बाजारातल्या बऱ्याच जाहिराती तो सोयीस्करपणे विसरतात. पेट्रोल इंजिनात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की हवेचे दार उघडते आणि हवेच्या मागोमाग पेट्रोल येते. पारंपरिक डिझेल इंजिनात हवेला असे दारच नसते. अ‍ॅक्सिलरेटर केवळ डिझेलचे प्रमाण ठरवतो. त्यामुळे जास्त हवा दिली म्हणून डिझेल इंजिनाची ताकद आपोआप वाढत नाही. आधी जे डिझेल धूर होऊन वाया जात होते ते जळते, धुराड्यातल्या वायूंचे तापमान उतरते आणि फार तर आणखी थोडे डिझेल देण्याची सोय होते. नुसता चकचकीत शंकूच्या आकाराचा फिल्टर बसवल्याने मुख्यतः आवाज वाढतो.

हवा खरोखर वाढवायची तर ती दाबून भरावी लागते. धुराड्यातून फुकट जाणाऱ्या गरम वायूंनी चक्र फिरवून त्याच जोरावर ताजी हवा दाबण्याची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये पेटंटच्या रूपात मांडली. व्होल्वोने १९५४ मध्ये आपल्या टायटन ट्रकला टर्बो जोडला, तेव्हा त्याच ९.६ लिटरच्या इंजिनाची शक्ती १५० वरून १८५ अश्वशक्तीवर गेली.

मात्र दाबलेली हवा तापते; सायकलच्या पंपाचे टोक गरम लागते, तेच इथे घडते. बाहेर ३५ अंश सेल्सियस तापमान असताना टर्बोने हवेचा दाब दुप्पट केला, तर साधारण ७० टक्के कार्यक्षमतेचा कॉम्प्रेसर (टर्बोतला हवा दाबणारा भाग) तिला १३० अंशांपर्यंत तापवतो. गरम हवा फुगत असल्याने दाब दुप्पट होऊनही घनता केवळ दीडपट होते. तीच हवा रेडिएटरपुढच्या इंटरकूलरमधून ६० अंशांपर्यंत थंड करून आणली, तर घनता मूळच्या १.८५ पट भरते. एकही फिरता भाग नसलेली अ‍ॅल्युमिनियमची ही जाळी सिलिंडरातली हवा वीस टक्क्यांहून अधिक वाढवते, म्हणून टर्बो असलेल्या ट्रकमध्ये चिखलाने बुजलेला इंटरकूलर स्वच्छ धुणे हीदेखील सुधारणाच मानावी.

मूळचा टर्बो नसलेल्या इंजिनाला बाहेरून टर्बो लावण्याचा सल्ला मी देणार नाही. पिस्टन, हेड गॅस्केट आणि बेअरिंग जुन्या दाबाच्या हिशेबाने घडवलेले असतात, आणि मिनिटाला लाखभर फेरे घेणाऱ्या टर्बोच्या दांड्याला स्वच्छ तेलाचा अखंड पुरवठा लागतो.

त्यापेक्षा हवा कुठून घेतली जाते ते आधी पाहावे. रेडिएटरमागची ६० अंशांची हवा बाहेरच्या ३५ अंशांच्या हवेपेक्षा सात-आठ टक्के विरळ असते. ट्रकच्या केबिनमागे उंच गेलेले हवेचे नळकांडे बाहेरची गार हवा तर आणतेच, शिवाय चाकांनी उडवलेली धूळ त्या उंचीवर बरीच कमी असते. नळी रुंद, शक्य तितकी सरळ आणि आतून गुळगुळीत असावी.

नळीच्या जोडांकडेही तितकेच लक्ष हवे. टर्बोच्या पुढचा, म्हणजे इंजिनाकडचा, होज (रबरी नळी) फाटला तर दाबलेली हवा शिट्टीसारखा आवाज करत बाहेर पडते, गाडीची ओढ जाते आणि धूर वाढतो, त्यामुळे दोष लवकर कळतो. फिल्टर आणि टर्बो यांच्यामधली क्लिप सैल असेल तर मात्र काहीच ऐकू येत नाही. तिथून धूळ आत ओढली जाते. त्या धुळीतली वाळू लोखंडाहून कठीण असते. ती कॉम्प्रेसरच्या पात्यांच्या कडा खाते, पिस्टनच्या रिंगा झिजवते, आणि इंजिन तेल प्यायला लागेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही.

फिल्टरबाबत तर गैरसमजच फार. कागदी फिल्टर थोडा मळल्यावर अधिक बारीक धूळ अडवतो, कारण अडकलेल्या कणांचा थरच गाळणीचे काम करू लागतो. तो रोज काढून टायरवर आपटणे किंवा गॅरेजमधल्या कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेने झोडपणे म्हणजे कागदाला न दिसणारी भोके पाडणे होय. कधी बदलायचा हे फिल्टरच्या डब्यावरचा दाबदर्शक सांगतो: अनेक इंजिनांत फिल्टरमागची ओढ २५ इंच पाण्याच्या स्तंभाएवढी झाली की लाल खूण वर येते. नव्या फिल्टरवर ही खूण लगेच दिसू लागली, तर नळीच अरुंद आहे किंवा कुठेतरी चेपली आहे असे समजावे.

१ एप्रिल २०२० पासून भारतात लागू झालेल्या बीएस-६ या प्रदूषणमर्यादेच्या मानकाच्या ट्रकांत प्रश्न वेगळा आहे. त्यांत अनेकदा संवेदक आत येणारी हवा मोजतो आणि संगणक त्यानुसार डिझेल ठरवतो. शिवाय नायट्रोजनची ऑक्साइडे कमी करण्यासाठी काही इंजिनांत जळलेला वायू मुद्दाम ताज्या हवेत मिसळला जातो. तेल लावलेल्या कापडी फिल्टरमधले तेल संवेदकाच्या तापलेल्या तारेवर बसले, तर मोजणीच चुकते. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असे फेरफार करू देत नाही. त्यामुळे अशा ट्रकच्या मालकासाठी उरते ते इतकेच: उत्पादकाने ठरवलेला फिल्टर, घट्ट क्लिपा आणि साबणाच्या पाण्याने तपासलेले होज.