हवाबंद पोत्यातला हरभरा: भुंगा कसा मरतो आणि पोतं कुठे फसतं

तूर आणि चवळीला लागणारा भुंगा बहुधा कोठीत जन्मत नाही, शेतातूनच येतो. पिकत आलेल्या शेंगेवर मादी अंडी चिकटवते, अळी थेट दाण्यात शिरते आणि आतच खात वाढते. मळणीच्या वेळी दाणा बाहेरून धडधाकट दिसतो. पुढे त्याला गोल भोक पडतं आणि पूर्ण वाढलेला भुंगा बाहेर येतो. उबदार हवेत महिन्याभरात नवी पिढी तयार होते आणि एकेक मादी ८०-१०० अंडी घालू शकते. हरभऱ्यात तो साठवणीतल्या जुन्या मालातून पसरतो. बारदानाच्या पोत्याची त्याला अडचणच नसते.

यावर तीनपदरी हवाबंद पोतं हा बिनविषारी उपाय आहे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस कॅमेरूनमध्ये, तिथल्या चवळीसाठी तो विकसित केला. आत जाड पॉलिथिनच्या दोन पिशव्या (प्रत्येकी साधारण ८० मायक्रॉन) आणि बाहेर ताकदीसाठी नेहमीचं विणलेलं प्लास्टिकचं पोतं, एवढीच त्याची रचना.

पोतं स्वतः कीड मारत नाही. दाण्यातल्या अळ्या आणि भुंगे श्वास घेऊन आतला ऑक्सिजन संपवतात. बाहेरच्या हवेत तो २१ टक्के असतो. कीड भरपूर असेल तर पोत्यात काही दिवसांतच ५ टक्क्यांच्या खाली येतो आणि खाणं थांबतं. कोरड्या दाण्यात राहणारी ही कीड शरीराला लागणारं बरंचसं पाणी अन्नाच्या ज्वलनातून मिळवते. ऑक्सिजन नाही तर ज्वलन नाही आणि पाणीही नाही, त्यामुळे ती गुदमरण्याइतकीच सुकूनही मरते. कीडच नसेल तर ऑक्सिजन फारसा उतरत नाही. त्यात बिघडत काही नाही, कारण नवी कीड बाहेरून आत येऊ शकत नाही. सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवायची जमिनीखालची पेवं याच तत्त्वावर चालत. म्हणूनच पेव उघडल्याबरोबर कुणी आत उतरत नसे.

पोतं फसतं ते बहुतेकदा ओलाव्यामुळे. बारदानातून थोडी वाफ निघून जाते, प्लास्टिकमधून नाही. ओल्या दाण्याची वाफ थंड बाजूला जमते, तिथे बुरशी धरते, आंबूस वास येतो आणि बियाण्याची उगवण जाते. कडधान्य ९-१० टक्के आणि ज्वारी-गहू १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवावेत. मीटर नसेल तर मिठाची परीक्षा करता येते. तव्यावर गरम करून गार केलेलं बारीक मीठ दोन-तीन चमचे कोरड्या काचेच्या बरणीत टाका, बरणी एक तृतीयांश दाण्यांनी भरा, झाकण लावून मिनिटभर हलवा आणि दहा मिनिटं ठेवा. काचेला मीठ चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे. नाही चिकटलं तरी हुरळू नका, कारण ही परीक्षा १५ची आहे, १०ची नाही. आणखी एक-दोन उन्हं द्या, दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे. उन्हातून काढलेला गरम माल मात्र लगेच भरू नका, सावलीत गार होऊ द्या.

भरण्यापूर्वी प्रत्येक पिशवीत हवा भरून तोंड पिळा आणि दाबून गालाजवळ धरा. झुळूक लागली तर भोक आहे. काडीकचरा आणि टोकदार काड्या चाळून काढा. एक पिशवी दुसरीत आणि दोन्ही पोत्यात घाला. थोडं धान्य ओतून तळ नीट बसवा, मग भरत-भरत हलवत राहा, म्हणजे पोकळी उरत नाही. अर्धवट भरलेल्या पोत्यात हवा जास्त राहते, तेवढे दिवस भुंगा जगतो. वर वीतभर मोकळी जागा सोडा. आतली पिशवी हवा दाबून काढून घट्ट पिळा, पीळ दुमडून सुतळीने आवळा. मग मधली तशीच बांधा आणि शेवटी पोतं. तिन्ही तोंडं एकत्र बांधली तर दुसऱ्या पिशवीचा उपयोग जातो. बाहेर पडणारा भुंगा कधीकधी आतली पिशवी कोरतो, तेव्हा मधलीच हवा अडवते.

पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा. उचलताना लोखंडी आकडा लावू नका, फरफटत नेऊ नका. उंदरापुढे हे प्लास्टिक टिकत नाही, त्यामुळे खोलीचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो. निदान दीड महिना तोंड उघडायचं नाही. रोजच्या डाळीसाठी लहान पोतं वेगळं ठेवा, कारण दर आठवड्याला उघडलेल्या पोत्यात दरवेळी ताजी हवा शिरते. धान्याला धुरी देण्याच्या सल्फासच्या विषारी गोळ्या यात टाकू नका. त्यांचा वायू राहत्या घरात माणसांचा जीव घेतो.

रिकाम्या पिशव्या झटकून उन्हात तपासा. बारीक भोकांवर चिकटपट्टी चालते. आतलीची फार चाळण झाली असेल तर मधली आत घ्या आणि नवी एकच विकत आणा.