वाशीच्या हॉलपर्यंत पोचलेली कॉम्प्युटर प्रदर्शनं : थोडी पार्श्वभूमी

रविवारी भाचीला घेऊन वाशीला सिडको एक्झिबिशन सेंटरमध्ये कॉम्प्युटरचं प्रदर्शन बघायला गेलो होतो. दीड तास स्टॉल फिरून झाले, पिशवी ब्रोशरने भरली, तेव्हा ती म्हणाली, "मामा, हे सगळं फोनवर दिसतं की, मग एवढी माणसं अजून इथे कशाला येतात?" प्रश्न रास्त आहे. तिला तिथे त्या गोंगाटात नीट सांगता आलं नाही म्हणून आता सविस्तर लिहितोय.

मुळात ही मोठी प्रदर्शनं गिऱ्हाइकासाठी नव्हतीच, दुकानदारासाठी होती. १९७९ मध्ये लास व्हेगासला शेल्डन अ‍ॅडेल्सनने कॉम्डेक्स सुरू केलं, नावच कॉम्प्युटर डीलर्स एक्झिबिशन. तेव्हा छोट्या कॉम्प्युटरचा धंदा नुकता उभा राहत होता, बनवणाऱ्याला विकणारा माहीत नाही आणि विकणाऱ्याला बनवणारा, मग एका छताखाली सगळ्यांना आणा, मशीन चालू करून दाखवा आणि तिथेच ऑर्डर घ्या, एवढी साधी कल्पना. पहिल्या वर्षी चारेक हजार लोक आले, नव्वदच्या दशकात तो आकडा दोन लाखांवर गेला. १९९५ ला जपानच्या सॉफ्टबँकेने हे प्रदर्शन ८० कोटी डॉलरच्या वर पैसे मोजून घेतलं, नुसतं प्रदर्शन, कारखाना नाही की काही नाही.

हौशी लोकांची जत्रा वेगळी होती. १९७७ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअर भरली, तिथे अ‍ॅपल टू पहिल्यांदा लोकांसमोर आला. आणि १९८१ ला त्याच फेअरमध्ये अ‍ॅडम ओसबोर्नने ओसबोर्न वन आणला, शिलाई मशीनच्या पेटीसारखं दिसणारं, हातात धरून न्यायचं मशीन, वजन जवळपास ११ किलो, स्क्रीन ५ इंची. हा माणूस आपल्याला जवळचा वाटायला हवा कारण त्याचं लहानपण तिरुवण्णामलैला गेलं, वडील रमण महर्षींचे भक्त होते, आणि शेवटही २००३ मध्ये कोडाईकनालला झाला. त्याची कंपनी मात्र १९८३ मध्येच बुडाली, आणि तेव्हापासून असं सांगतात की पुढचं मॉडेल त्याने आधीच जाहीर केलं म्हणून डीलरनी जुनं घेणंच थांबवलं. याला धंद्यात ओसबोर्न इफेक्ट म्हणतात. मला वाटतं प्रदर्शनाची सगळी ताकद आणि सगळा धोका या एका गोष्टीत आहे, दाखवायची घाई झाली की हातातला माल पडून राहतो.

युरोपात जर्मनीच्या हॅनोव्हरला १९७० पासून औद्योगिक प्रदर्शनातच सेबिट नावाचा विभाग होता, १९८६ ला तो वेगळा निघाला. तैवानचं, ताइपेला भरणारं कॉम्प्युटेक्स १९८१ चं. मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात, आपल्या लॅमिंग्टन रोडवर जे मदरबोर्ड येतात त्यातले बरेचसे तैवानी कंपन्यांचे, म्हणून इथल्या डीलरला लास व्हेगासपेक्षा ताइपे कायम जास्त जवळचं.

आता आपल्याकडचं. १९८४ च्या नोव्हेंबरमध्ये राजीव गांधींच्या सरकारने कॉम्प्युटर धोरण आणलं, त्याआधी बाहेरून मशीन आणायचं तर परवाने आणि जबर ड्युटी. धोरणानंतर सुटे भाग आणणं सोपं झालं, देशी कंपन्या पीसी जुळवायला लागल्या, बँकांमध्ये युनियनचा विरोध सांभाळत हळूहळू लेजर पोस्टिंगची, म्हणजे खातेवहीत नोंदी करणारी मशीन शिरली. पण साध्या माणसाने कॉम्प्युटर बघायचा कुठे? कोपऱ्यावर शोरूम नव्हतं, ऑफिसात असला तर एसी केबिनमध्ये, चपला बाहेर काढून आत जायचं. म्हणून प्रदर्शन.

बाबा वागळे इस्टेटमध्ये कामाला होते, त्यांच्या कंपनीत कुणालातरी दोन पास मिळाले, आणि आम्ही ठाण्याहून दादर, तिथून गाडी बदलून महालक्ष्मी, मग चालत वरळीचं नेहरू सेंटर. साल ९०-९१ असेल. तिथल्या एका स्टॉलवर सी-डॅक या सरकारी कॉम्प्युटर संस्थेचं जिस्ट कार्ड लावलेला पीसी होता. हे कार्ड कॉम्प्युटरच्या आत स्लॉटमध्ये बसायचं आणि इंग्रजीसाठी लिहिलेल्या, विंडोजच्या आधीच्या डॉसच्या प्रोग्रॅममध्येही देवनागरी दाखवायचं. स्टॉलवरच्या दादाने विचारलं, कुठून आलात? मी म्हटलं ठाणे. त्याने इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्डवर ठ, काना, ण, मात्रा अशा चार वेळा की दाबल्या आणि हिरव्या अक्षरात "ठाणे" उमटलं. काना दाबला की काना ठ ला जाऊन चिकटायचा, मात्रा ण च्या डोक्यावर बसायची. बाबा तिथून हलेनात. त्यांनी स्वतः एका बोटाने आईचं नाव लिहून बघितलं, मागे रांग लागली तरी. त्या मशीनची किंमत त्यांच्या वर्षाच्या पगाराहून जास्त होती, घ्यायचा प्रश्नच नव्हता, पण कॉम्प्युटरला मराठी येते हे आमच्या घरात त्या दिवशी कळलं.

मग नेट आलं, तेव्हाची सरकारी टेलिकॉम कंपनी व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ ला लोकांना कनेक्शन द्यायला सुरुवात केली, आणि प्रदर्शनाचं एक मोठं काम, माहिती पोचवणं, हातातून जायला लागलं. कॉम्डेक्सचं शेवटचं लास व्हेगास प्रदर्शन २००३ ला झालं. सेबिटला २००१ च्या आसपास आठ लाखांवर लोक यायचे, तेही २०१८ ला बंद झालं. मोठ्या कंपन्यांनी स्वतःचे लॉन्चचे कार्यक्रम सुरू केले, तिथे सगळं आधी घोटून घेतलेलं असतं. प्रदर्शनात तसं नसतं. १९९८ ला शिकागोच्या कॉम्डेक्समध्ये बिल गेट्स स्टेजवर असताना स्कॅनर जोडल्या जोडल्या विंडोज ९८ निळा स्क्रीन दाखवून बंद पडलं आणि सगळ्या हॉलने ते बघितलं. मला ही प्रदर्शनाची सगळ्यात मोठी बाजू वाटते, मशीन तुमच्यासमोर चालतं किंवा बंद पडतं.

नवी मुंबईला हे सगळं उशिरा आलं पण सोयीने आलं. ठाणे-बेलापूर पट्ट्यात आधी केमिकलचे कारखाने, मग महापे-ऐरोलीला आयटीची ऑफिसं, २००४ ला ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर लोकल, त्यामुळे आता कल्याणचा दुकानदारही सकाळी येऊन दुपारी परत दुकानात बसू शकतो. परवा तिथे जिकडेतिकडे एआय पीसी होते. मायक्रोसॉफ्टने २०२४ च्या मे महिन्यात कोपायलट प्लस पीसीसाठी किमान ४० टॉप्सची एनपीयू (एआयची कामं करणारी वेगळी चिप) हवी अशी अट घातली, म्हणजे सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया, तेव्हापासून प्रत्येक स्टॉलवर हाच आकडा मोठा करून लावलेला.

पण शेजारी उभा असलेला एक दुकानदार तो आकडा बघतच नव्हता. त्याने एका हाताने लॅपटॉपचं झाकण उघडून बघितलं, खालचा भाग वर उचलला जातो का ते, कीबोर्डच्या मध्यावर अंगठा दाबून किती दबतो ते पाहिलं, मग कान फॅनच्या जाळीपाशी नेला. भाची ते टक लावून बघत होती. पुढच्या स्टॉलवर तिने घरी बसून, रिव्ह्यू वाचून पक्का केलेला लॅपटॉप होता. तिने आधी अंगठा दाबला, मग दोन ओळी टाइप केल्या, आणि म्हणाली, "मामा, हा नको, याच्या अ‍ॅरो की बोटाखाली सापडतच नाहीत."